पावसाळ्यात बॉल ठेवा, पाय कामाला लावा

जून लागला, मैदानाचा राडा झाला की माझ्या बेसबॉल टीमची पोरं विचारतात, "सर, पार्किंगमध्ये थ्रो मारू का?" नका मारू. नाशिकच्या पावसाने हाताला आयती सुट्टी दिली आहे, ती घ्या. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' या मार्गदर्शनात शाळकरी पिचरांना, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्यांना, वर्षातून किमान ४ महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद ठेवायला सांगितलंय आणि त्यातले २-३ महिने सलग डोक्यावरून फेकणंच नको म्हटलंय. म्हणजे भालाफेक नको आणि हॉलमधली टेनिस बॉलची फास्ट बोलिंगही नको.

सुट्टी फक्त हाताला, अंगाला नाही. शेतात गोफण फिरवणारा माणूस बघा: दगड सुटतो हातातून, पण जोर येतो कमरेतून. थ्रोचंही तसंच. मागच्या पायाने जमीन ढकलायची, पुढचा पाय रोवायचा, मग कंबर वळते, मागून छाती आणि हात सगळ्यात शेवटी. पाय आणि कंबर कमी पडली की ती भरपाई खांदा आणि कोपर करतात. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) जातं ते बऱ्याचदा असंच, दमलेल्या अंगाने फेकत राहून. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचं ते लिगामेंट नव्याने बसवायचं ऑपरेशन केलं, म्हणून आजही त्याला टॉमी जॉन सर्जरीच म्हणतात.

पहिले दोन आठवडे वजनाला हात लावू नका. झोपा, चाला, पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. चढताना झपाझप, उतरताना सावकाश. पावसात त्या दगडावर पाय सटकायला वेळ लागत नाही.

मग आठवड्यातून तीन दिवस ताकद. डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं) ५-५ चे तीन सेट, एका पायावरचे स्क्वॉट, बाजूला टाकायचे लंज, पुल-अप्स आणि रोइंग. जिमचा ट्रेनर तुम्हाला छाती आणि बायसेप्सकडे ओढेल. त्याला हसून नाही म्हणा. बेंच प्रेसपेक्षा आपले तालमीतले जोर मला बरे वाटतात, कारण त्यात खांद्याची पाती मोकळी फिरते. बैठकाही माराच. मुद्गल मात्र उस्तादांसमोर आणि हलका.

माझा सगळ्यात लाडका व्यायाम मेडिसिन बॉलचा. बॉल दोन ते चार किलोचा पुरे; विकत घ्यायचा नसेल तर जुन्या बास्केटबॉलला चीर देऊन त्यात वाळू भरा आणि पक्का शिवून घ्या. भिंतीला खांदा करून दोन पावलं लांब उभे राहा. बॉल मागच्या कमरेजवळ, वजन मागच्या पायावर. मागची टाच उचलली जाऊन गुडघा भिंतीकडे वळला पाहिजे, त्यानंतर बॉल सुटला पाहिजे. गुडघा न वळता बॉल सुटला तर तो हातानेच मारलाय, मोजू नका. प्रत्येक बाजूने ६-८, तीन सेट, प्रत्येक फेक पूर्ण जोरात. उजव्या हाताने फेकणाऱ्यानेही डावी बाजू सोडायची नाही. भिंत कंपाउंडची निवडा. सोसायटीच्या जिन्याची निवडलीत तर काकूंचा ओरडा ठरलेला आहे.

खांद्यासाठी व्यायामाचा रबर बँड. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडीमध्ये छोटा टॉवेल, हात बाहेर सावकाश न्यायचा आणि त्याहून सावकाश आणायचा. १५ वेळा. कंटाळवाणं आहे, करा.

लांबलचक जॉगिंगवर माझा विश्वास नाही. दोन बेसमधलं, म्हणजे धावणाऱ्याच्या दोन थांब्यांमधलं, अंतर २७.४३ मीटर, धावायचं तेवढंच, पण जीव तोडून. १० ते ३० मीटरचे स्प्रिंट मारा आणि दोन स्प्रिंटमध्ये श्वास पूर्ण खाली येऊ द्या.

आता खास नाशिकचा प्रश्न: ढोल. गणपतीच्या आधी पथकांचा सराव सुरू होतो आणि निम्मी टीम संध्याकाळी कमरेला ढोल बांधून उभी असते. वाजवा, बंदी नाही. पण टिपरूचा हात बहुतेकांचा फेकायचाच हात असतो आणि ढोलाच्या वजनाने कंबर मागे वाकते. म्हणून सरावाच्या दिवशी डेडलिफ्ट नाही, पुल-अप्स नाहीत. फक्त बँड आणि पोट-कमरेचे हलके व्यायाम. विसर्जनानंतर दोन दिवस काहीच नाही.

खाण्याचं थोडक्यात: रोज अंडी किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, भाकरी, दूध. रविवारची मिसळ चालेल, तर्री जरा आवरा.

पाऊस ओसरला की फेकायला सुरुवात १४ मीटरवरून. २५ थ्रो, थोडी विश्रांती, पुन्हा २५, आणि एक दिवसाआड. एका अंतरावर सलग दोन वेळा काही दुखलं नाही तर पुढचं अंतर: १८, मग २७, मग ३६ मीटर. दंड भरून येणं ठीक आहे. कोपराच्या आत टोचलं तर त्याच थ्रोला थांबा आणि स्प्रे मारून खेळण्याऐवजी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. ३६ मीटरवरून बिनदुखत झालं की माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर चढा, सुरुवातीला अर्ध्या जोरात आणि फक्त फास्टबॉल (सरळ बॉल). कर्व्हबॉल (वळणारा बॉल) मागू नका, मी सांगेन तेव्हा.