मेनरोड-रविवार कारंजाची कोंडी फोडायची असेल तर सुरुवात कुठून करायची

नाशिकच्या जुन्या पेठेत, म्हणजे मेनरोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, रविवार कारंजा या पट्ट्यात रस्ता रुंद होईल म्हणून वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही, दोन्ही बाजूला दुकानं आणि जुने वाडे आहेत, ते कोण पाडणार आणि का पाडायचे? शिवाय इथली कोंडी चालत्या गाड्यांपेक्षा उभ्या गाड्यांमुळे जास्त होते. एक कार उभी करायची तर साधारण १२ चौरस मीटर जागा जाते, तेवढ्यात सहा दुचाक्या आरामात लागतात. म्हणून आधी उभ्या गाड्या, मग आरपार जाणाऱ्या गाड्या, बाकीचं त्यानंतर, हा क्रम सोडू नका.

आधी मोजा. मोजल्याशिवाय कोणाकडेही जाऊ नका, कारण मोजणी नसली की दुकानदार फेरीवाल्यांवर ढकलतो, फेरीवाला रिक्षांवर आणि रिक्षावाला कारवाल्यांवर, आणि मीटिंग तिथंच संपते. चार-पाच जण पुरतात. एक साधा वार, एक रविवार आणि गोदाघाटावर बाजार असतो म्हणून एक बुधवार, असे तीन दिवस घ्या, दिवाळीचा आठवडा किंवा लग्नसराईची गर्दी नको, तिच्यावरून रोजचं चित्र कळत नाही. दोघांनी उभ्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे दर अर्ध्या तासाने लिहायचे, सकाळी दुकानं उघडायच्या आधीपासून रात्रीपर्यंत. बाकीच्यांनी पेठेच्या तोंडाशी उभं राहून आत येणाऱ्या आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे नंबर वेळेसकट टिपायचे. आत शिरून दहा मिनिटांत पलीकडून बाहेर पडली ती गाडी खरेदीला आलेलीच नव्हती, तिने नुसता शॉर्टकट घेतला. आणि सकाळी लावलेली गाडी संध्याकाळीही तिथंच दिसली तर ती बहुतेक गिऱ्हाइकाची नसते, दुकानाच्या मालकाची नाहीतर नोकराची असते. कागदावरचे हे आकडे दाखवले की बोलणं सोपं होतं. नंबरची यादी कुठे टाकू नका, काम झालं की फाडून टाका, आपल्याला बेरीज हवी आहे, कोणाची बदनामी नको.

मग व्यापाऱ्यांशी बोला, आणि त्यांच्याच गाड्यांपासून सुरू करा. हे अवघड वाटतं पण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. दुकानासमोरची एक जागा दिवसभर एकाच गाडीने अडवली तर तिथं एक गाडी बसते, तीच जागा एकेक तासाच्या गिऱ्हाइकांना दिली तर आठ-दहा जण येऊन जातात, हे गणित व्यापाऱ्याला लगेच पटतं कारण ते त्याच्या गल्ल्याचं गणित आहे. गाळेधारकांनी आणि कामगारांनी गाड्या पेठेच्या बाहेर लावायच्या, तिथून पायी यायचं, लांबचा कामगार असेल तर मालकाने बसचा पास काढून द्यावा, सिटीलिंक आहेच. पहिल्या दिवशी स्वतः असोसिएशनचा अध्यक्ष पायी आला पाहिजे, नाहीतर कोणी ऐकत नाही.

रस्त्यावरच्या जागेला तासाचे पैसे लावावेत का, तर हो, माझं मत स्पष्ट आहे, पहिला तास स्वस्त आणि पुढे चढता दर. साधारण १०० पैकी ८५ जागा भरलेल्या आणि १५ रिकाम्या राहतील एवढा दर ठेवायचा, कारण एकही जागा रिकामी नसली की माणूस जागा शोधत त्याच गल्लीला चार चकरा मारतो आणि त्या चकरा हीसुद्धा वाहतूकच आहे.

माल उतरवायची वेळ ठरवा. छोटा हत्ती भर दुपारी दुकानासमोर उभा राहिला की मागे सगळं खोळंबतं. सकाळी दुकानं उघडायच्या आधी आणि रात्री शटर पडल्यावर, या दोनच वेळा. फूलबाजाराचा माल नाशवंत, त्याला पहाटेची वेगळी सोय द्या. हमाल मंडळींना या बोलण्यात पहिल्यापासून घ्या, रात्रीचं काम त्यांच्या माथी मारून चालणार नाही, त्याची जादा मजुरी ठरली पाहिजे.

आरपार रस्ता तोडा. बेल्जियममधल्या गेंट शहराने एप्रिल २०१७ मध्ये गावाचा मध्य सहा भागांत वाटला, प्रत्येक भागात गाडीने जाता येतं पण एका भागातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही, बाहेरच्या रिंगरोडला जाऊनच यावं लागतं. आपल्या पेठेतही हे बसतं: मेनरोडला शालिमारकडून आलेली गाडी वळसा घेऊन परत त्याच बाजूला बाहेर पडावी, रविवार कारंजाकडून आलेली त्या बाजूला. खरेदीला येणाऱ्याचं काही अडत नाही, शॉर्टकटवाला मात्र आपोआप बाहेरून जातो. अडवायला लोखंडी बॅरिकेड नको, पाण्याने भरलेले प्लास्टिकचे ड्रम ठेवा, दोन माणसांनी पटकन सरकवले की ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाचा बंब गेला पाहिजे. हे ड्रम कोण सरकवणार त्याचं नाव आणि मोबाइल नंबर जवळच्या पोलीस चौकीत आधीच देऊन ठेवा.

रिक्षा: स्टँड चौकाच्या तोंडावरून उचलून वळणाच्या पुढे न्या, पण लोक चालत येतील इतक्या अंतरावरच, लांब टाकलं तर रिक्षा पुन्हा कोपऱ्यावर येणार.

फेरीवाल्यांना हाकलू नका. ही फक्त माणुसकीची गोष्ट नाही, कायद्याचीही आहे. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानुसार आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, तोपर्यंत उठवता येत नाही, आणि जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस लागते. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असतात, तर त्यांनाच घेऊन बसा आणि रस्त्यावर पांढऱ्या रंगाने चौकोन आखा. दुकानांच्या बाहेर आलेल्या स्टँड-पुतळ्यांनाही तीच रेघ लागू करा, नाहीतर हातगाडीवाल्याला अन्याय वाटेल आणि त्याचं बरोबरच असेल.

परवानगी कशी मागायची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ बघा. वाहनबंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं की पुरतं. म्हणून अर्ज कायमच्या बंदीचा करू नका, एक महिन्याच्या प्रयोगाचा करा. अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेला, प्रत महापालिकेला, सोबत मोजणी, हाताने काढलेला नकाशा आणि व्यापारी, रिक्षा, फेरीवाले, रहिवासी या चौघांच्या सह्या. एवढ्यालाही विरोध झाला तर आधी एकच दिवस घ्या, पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात तसा. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर प्रयोग नको, तेव्हाचे बंदोबस्ताचे नियमच वेगळे असतात, साधा महिना निवडा.

पहिला आठवडा वाईट जाणार, लोक चुकीच्या गल्लीत शिरणार, म्हणून प्रत्येक तोंडाशी गाड्या जास्त असतात त्या वेळेत दोन स्वयंसेवक उभे करा. चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच तीन वार, त्याच वेळा, त्याच जागा मोजा, आणि या वेळी दुकानदारांना विक्री वाढली की घटली तेही विचारा, कारण पुढच्या महिन्याचा अर्ज त्याच कागदावर टिकणार आहे.