आकाशाच्या फोटोबद्दल विचारताना

'हा हिरवा ठिपका कसला?' असं नुसता फोटो पाठवून विचारलं, तर जाणकारही अंदाजच बांधणार. सोबत तारीख, वेळ, दिशा, लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीमधला आकडा), एक्स्पोजर (शटर किती सेकंद उघडं होतं) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) लिहा. फोटो नागपुरातल्या गच्चीवरून काढला की पेंच व्याघ्र प्रकल्पात जाऊन, हेही सांगा. पेंचला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या काळोख्या आकाशाची जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या आणि शहरातल्या आकाशात फार फरक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, नाहीतर मंद तारे पुसले जातात.

विचारण्याआधी थोडं स्वतः तपासा, त्यातच खरी मजा आहे. लेन्सला झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचा फोटो काढा. ठिपका त्याच जागी दिसला तर तो सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा दोष. फ्रेममध्ये चंद्र किंवा रस्त्यावरचा दिवा असेल आणि ठिपका फोटोच्या मध्याच्या बरोबर पलीकडे, तेवढ्याच अंतरावर असेल, तर ते बहुधा लेन्समधलं परावर्तन. तुटक, लुकलुकती रेघ बहुतेक विमानाची असते.

तारेच लांबट आले असतील तर 500 ला फोकल लेंथने भागा, येईल तितक्या सेकंदांपेक्षा जास्त एक्स्पोजर ठेवू नका: फुल फ्रेम (36×24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्सला साधारण 10 सेकंद.