चार रिंगांचा इतिहास सुतात कसा मांडावा

ऑडीच्या जाळीवरच्या चार रिंगा म्हणजे चार कंपन्या, एवढं आयटीआयला येणारं प्रत्येक पोरगं सांगतं. पुढे विचारलं की 'सर, चौघी एकत्र आल्या' यावर गाडी थांबते. कुणाचं काय बाहेर राहिलं, पैसा कुणाचा होता, कारखाने कुठे गेले, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्यासाठी सोलापुरात मशीन ड्रॉइंग शिकवताना मी मुलांकडून सुताचा तक्ता करून घ्यायचो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनालाही तो चांगला शोभतो.

एक ए-झिरो कागद घ्या आणि तो आडवा थर्मोकोलवर चिकटवा. टाचण्या लागतील. सूत मात्र विकत घेऊ नका. सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या कुठल्याही कारखान्यात जाऊन 'काका, कोनावर उरलेलं रंगीत सूत द्या' म्हटलं की मिळतं. ते दोन पदरीच घ्या, कारण एका ठिकाणी पीळ उसवून पदर वेगळे करायचे आहेत. रंग सहा: पिवळा हॉर्ख, लाल ऑडी, हिरवा डीकेडब्ल्यू, निळा वाँडरर, केशरी एनएसयू आणि काळा पैशाचा.

आता माप. कागदाची लांबी 118.9 सेंटिमीटर असते. डावीकडे 3 सेंटिमीटर सोडून 1873 ची खूण करा आणि एका वर्षाला एक सेंटिमीटर धरा. त्या खुणेपासून मोजलं की 1985 बरोबर 112 सेंटिमीटरवर येतं आणि सगळा इतिहास एका कागदावर मावतो.

पहिला दोरा एनएसयूचा, सगळ्यात खालून. ही कंपनी 1873 मध्ये सुरू झाली ती विणकामाची यंत्रं बनवायला. सोलापूरच्या मुलांना हे आधी सांगा, त्यांचे कान टवकारतात. 12 सेंटिमीटरवर, म्हणजे 1885 ला, निळा दोरा: जर्मनीतल्या केमनित्झ गावची वाँडरर, धंदा सायकलींचा. 26 वर पिवळा: 1899 मध्ये आउगुस्ट हॉर्ख यांनी कोलोनला कारखाना काढला, 1904 मध्ये तो त्स्विकाऊला आला. हिरवा दोरा 33 वर लावा. 1906 मध्ये रासमुसेन नावाच्या डॅनिश माणसाने चोपाऊ गावातली रिकामी पडलेली कापडगिरणी घेतली. पुढे तिथेच डीकेडब्ल्यू उभी राहिली. बंद गिरण्या बघत मोठं झालेल्या आपल्या गावाने ही टाचणी जरा ठळक लावावी. 1920 च्या दशकाच्या अखेरीस जगात सगळ्यात जास्त मोटारसायकली हीच कंपनी बनवत होती.

लाल दोरा मोकळ्या जागेतून सुरू करायचा नाही, तो पिवळ्यातून काढायचा. हॉर्ख यांचं संचालकांशी बिनसलं, ते 1909 मध्ये बाहेर पडले आणि त्याच त्स्विकाऊत त्यांनी दुसरी कंपनी काढली. स्वतःचंच नाव वापरायला कोर्टाने मनाई केली, म्हणून 1910 पासून ती ऑडी. 1928 ला, 55 सेंटिमीटरवर, हिरवा दोरा लालवरून एक फेरा घालून न्या, कारण रासमुसेन यांनी ऑडीचे बहुसंख्य शेअर घेतले. म्हणजे 1932 च्या मोठ्या गाठीच्या चार वर्षं आधीच या दोघी बांधल्या गेल्या होत्या.

मोठी गाठ 59 वर. 29 जून 1932 ला चौघींच्या विलीनीकरणातून ऑटो युनियन ही कंपनी झाली. मंदीने गाड्यांचा खप बसला होता आणि कर्ज सॅक्सनी या जर्मन प्रांताच्या सरकारी बँकेचं होतं. विलीनीकरणामागे जोर तिचाच. म्हणून काळा दोरा गाठीच्या खालून आणा आणि गाठीत सगळ्यात आत ठेवा. हा दोरा नसलेला तक्ता मी पास करत नसे. पिवळा, लाल, हिरवा पूर्ण आत जातात. निळ्याचा मात्र पीळ उसवा: एक पदर गाठीत, दुसरा सरळ पुढे. वाँडररचा फक्त मोटारींचा विभाग नव्या ऑटो युनियनमध्ये आला, टंकयंत्रं आणि यंत्रसामग्रीचा धंदा वेगळाच राहिला. चौथ्या रिंगेत अख्खी वाँडरर कधीच नव्हती, हे या एका पदरामुळे पोरांच्या लक्षात राहतं. गाठीनंतरही चार रंग शेजारीशेजारी चालवा, कारण नावं टिकली: डीकेडब्ल्यूच्या मोटारसायकली आणि छोट्या गाड्या, वाँडरर मध्यम, ऑडी त्यावरची, हॉर्ख श्रीमंतांची. रेसच्या रुपेरी गाड्यांसाठी मुलं जागा मागतात; एक छोटं चित्र पुरे.

युद्धाच्या पट्ट्याला राखाडी रंग द्या आणि खाली स्पष्ट लिहा: छळछावण्यांतल्या कैद्यांकडून ऑटो युनियनमध्ये सक्तीने काम करून घेतलं. ऑडीनेच इतिहासकारांकडून संशोधन करवून ते 2014 मध्ये जाहीर केलं आहे. प्रदर्शन आहे म्हणून ही ओळ गाळू नये.

72 वर, 1945 ला, दोरे दुभंगतात. एक फाटा वर पूर्व जर्मनीत: कारखाने सोव्हिएत ताब्यात गेले, यंत्रं उखडून नेली आणि 1948 मध्ये केमनित्झच्या नोंदवहीतून कंपनीचं नाव कमी झालं. पण त्स्विकाऊत 1957 पासून ट्राबांट ही मोटार निघाली, टू-स्ट्रोकच. राजदूत मोटारसायकलला पेट्रोल-ऑइल मिसळून दिलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना ते इंजिन वेगळं समजवावं लागत नाही. दुसरा फाटा खाली पश्चिम जर्मनीतल्या बव्हेरियात: इंगोलश्टाटला सुट्या भागांचं गोदाम, मग 3 सप्टेंबर 1949 ला नवी ऑटो युनियन. इथेही काळा दोरा लावा, कारण सुरुवातीचं कर्ज बव्हेरियाचं होतं. कारखाने एकीकडे, नाव दुसरीकडे.

पुढचं भराभर. 85 वर डाइमलर-बेंझ मालक (ती स्वतः 1926 च्या विलीनीकरणातली, तिचा तक्ता वेगळा करा). 91 वर, 1964 अखेरीस, फोक्सवॅगन. 92 वर लाल दोरा पुन्हा ठळक: युद्धानंतरची पहिली ऑडी, चार-स्ट्रोक इंजिनाची. 96 वर, 1969 ला, खालून येणारा केशरी दोरा बांधा. विणकाम यंत्रवाली एनएसयू इथे मिळाली, पण तिची रिंग चिन्हात नाही. प्रेक्षकांना हा प्रश्न मुद्दाम विचारा. 112 वर, 1985 ला, कंपनीचं नाव फक्त ऑडी झालं आणि मुख्यालय इंगोलश्टाटला आलं.

उजवीकडे उरलेल्या पट्टीत रंगांची सूची लिहा. सुताची टोकं फेविकॉलने चिकटवून रात्रभर सुकू द्या. तक्ता पंख्याखाली लावू नका, सैल सूत उडून गाठी एकमेकींत अडकतात.