लहान अनुदानाचा अर्ज भरण्याआधी

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. त्याच्या पाणलोटात समतल चर खणायचे, दगडी बांध घालायचे आणि देवराई राखायची, एवढ्यासाठी आम्ही अनुदान मागितलं होतं. अर्ज परत आला. कामात खोट नव्हती, कागदांत होती. तुमच्या गावाची तशी गत होऊ नये म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी झरा मोजा. आम्ही हे शेवटी केलं, ती मोठी चूक. पंधरा लिटरची बादली धारेखाली धरायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजायचं. दर महिन्याच्या एकाच तारखेला, पहाटे, बायका पाण्याला यायच्या आत. मे महिन्यात आमची बादली भरायला अकरा मिनिटं लागली होती. वहीतला तो आकडा दाखवला तेव्हा पाहणीला आलेल्या बाईंनी पहिल्यांदा पेन उघडलं. पाण्यासाठी किती जणी किती वेळ थांबतात, तेही त्याच वहीत लिहा. फोटो दर वेळी एकाच दगडावर उभं राहून काढा, म्हणजे फरक दिसतो.

मग ग्रामसभेचा ठराव. सूचक, अनुमोदक, हजेरीच्या सह्या आणि सही-शिक्क्याची प्रत, सगळं हवं. देखभाल कोण करणार हे ठरावातच नावानिशी लिहून घ्या. झाडं लावायला अख्खा गाव येतो, तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालायला मोजकीच माणसं उरतात.

जागेचा सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. खासगी जमीन असेल तर मालकाचं संमतिपत्र घ्या. वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळालाय का ते बघा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तो 2009 साली मिळवला. हक्क नसेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कुदळ मारू नका.

आमचं घोडं अडलं ते अर्ज करणाऱ्या आमच्या संस्थेच्या कागदांत. अध्यक्ष वारले त्याला तीन वर्षं झाली होती, तरी धर्मादाय आयुक्तांकडच्या पीटीआर उताऱ्यात (संस्थांच्या सरकारी नोंदवहीच्या नकलेत) त्यांचंच नाव होतं, कारण चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची खबर, आम्ही दाखलच केला नव्हता. तेव्हा उतारा आजच काढून बघा. सोबत पॅन, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक ठेवा. परदेशी संस्थेकडे मागणार असाल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची केंद्र सरकारची परवानगी, लागतेच. मोठ्या संस्थेने तो पैसा घेऊन तुम्हाला द्यायचा, ही वाट त्या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने बंद झाली आहे.

किती मागायचं? जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या पर्यावरणाच्या कामांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रम 1992 पासून चालू आहे. त्यात एका प्रकल्पाला 50 हजार डॉलर ही कमाल मर्यादा बरीच वर्षं होती. तो आकडा बघून हुरळून जाऊ नका, गावाला पेलेल तेवढंच मागा. गावाचा वाटाही दाखवावा लागतो. श्रमदान रोहयोच्या दराने मांडा, पण त्याचं हजेरीपत्रक ठेवा. जेसीबी, दगड, रोपं यांची तीन-तीन दरपत्रकं घ्या. कॅशबुक रोजच्या रोज लिहा.

वेळापत्रक पावसाकडे बघून आखा. पैसे हप्त्याने येतात आणि पहिला हप्ता हमखास लांबतो. चर मेअखेर व्हायलाच हवेत. हप्ता जूनमध्ये आला तर काय करणार, हे अर्जातच लिहा. त्या वर्षी फक्त रोपं लावू आणि चर दिवाळीनंतर खणू, असं आम्ही दुसऱ्या खेपेला लिहिलं होतं, आणि झालंही तसंच.

अर्जाचा एक पूर्ण झेरॉक्स संच पंचायतीत ठेवा, दुसरा बचत गटाच्या पेटीत. झऱ्याची वही मात्र झऱ्याजवळ राहणाऱ्या बाईकडेच राहू द्या.