शंखांच्या लेंड्या कोणी काढायच्या?

माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये क्लीनअप क्रू (म्हणजे शेवाळ आणि उष्टं खाणारे शंख-खेकडे) सोडला की काचेवरचं शेवाळ जातं, हे खरं. जातं कुठे, ते मात्र विकताना कोणी सांगत नाही. ते शंखाच्या पोटातून लेंडी होऊन खाली वाळूवर येतं. त्यातला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस टँकमध्येच फिरत राहतो. आपला फायदा एवढाच, की दगडाला चिकटलेलं शेवाळ उपटणं कठीण आणि सुटी लेंडी उचलणं सोपं. पण ती कुजायच्या आत उचलायला हवी. राहिली तर बॅक्टेरिया तिचा अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट करतात आणि त्यावर पुन्हा शेवाळच वाढतं.

माझा टँक २०० लिटरचा, ठाण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. ट्रोकस, सेरिथ, थोडे नासारियस (हे तिन्ही शंखांचे प्रकार) आणि शंखात राहणारे दोन-चार हर्मिट खेकडे. सासूबाईंचं मत : "समुद्र घरात आणलास, आता त्याची शी काढत बस." बरोबरच आहे त्यांचं. काम तेच आहे.

सकाळी टँकचे दिवे लागायच्या आधी टॉर्च मारून बघा. शंख बरेचसे रात्री चरतात, त्यामुळे ताजा माल तेव्हाच दिसतो. ट्रोकसच्या लेंड्या लांबट, घट्ट आणि हिरवट-तपकिरी असतात. नवे लोक त्यांना कसली तरी अंडी समजून घाबरतात. समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) पाळला असेल तर बारीक गोळ्या दिसतील, आणि तो दगडावरचं जांभळं कोरलाइन (चुनखडीसारखं कडक शेवाळ) खरवडत असेल तर त्या खडूसारख्या पांढऱ्या असतील. हिरव्या लेंड्या भरपूर असणं चांगलं, शंख पोटभर खातायत. काच चकचकीत आणि लेंड्या जवळजवळ बंद, असं झालं तर शंख उपाशी आहेत. दगडाला रबरबँडने बिनमसाल्याच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) तुकडा बांधा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाका.

टॉर्चनेच आणखी एक गोष्ट बघायची : ढीग कुठे साचतात. बहुधा दगडांच्या मागे आणि एखाद्या कोपऱ्यात. तिथे प्रवाह पोचत नाही. अशा वेळी नवीन जनावर आणू नका, पावरहेडचं, म्हणजे टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, तोंड फिरवा. कोरल (प्रवाळ) असलेल्या टँकला तासाला पाण्याच्या निदान वीसपट प्रवाह धरतात, म्हणजे माझ्या टँकला ४००० लिटर. आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. लेंडी घरंगळत ओव्हरफ्लोकडे, म्हणजे पाणी फिल्टरकडे सांडतं त्या तोंडाकडे, गेली पाहिजे, तिथून पुढे फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) आणि स्किमर (फेसाबरोबर घाण कपात काढणारं यंत्र) बघून घेतात.

आता रविवारचं काम. ह्यात क्रमच सगळं आहे. आदल्या दिवशी आरओच्या (फिल्टरच्या शुद्ध) पाण्यात समुद्री मीठ कालवून वीस लिटर खारं पाणी करून ठेवा, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ला. पंप चालू असतानाच रबरी फुग्याच्या लांब पिचकारीने (ऑनलाइन 'टर्की बास्टर' शोधलं की मिळते) दगडांवर वरून खाली फुंकर मारत या. फटीफटीतून धूर निघावा तसा गाळ निघेल. निघू द्या. अर्धा तास सॉकला आणि स्किमरला त्यांचं काम करू द्या. मग पंप बंद करा, दहा-पंधरा मिनिटांत जड माल खाली बसतो, आणि मग सायफन (नळीने पाणी बादलीत ओढणं) लावा. नळी बारीक घ्या, दहा-बारा मिलिमीटरची. जाड नळीने बादली अर्धा तळ व्हायच्या आत भरते आणि खरा ढीग तसाच राहतो. नवं पाणी भरून पंप सुरू केले की सॉक सगळ्यात शेवटी बदला.

वाळू जाड आणि जुनी असेल तर एका दिवशी सगळी ढवळू नका. आत अडकलेली घाण एकदम सुटली तर मासे धापा टाकायला लागतात. दर वेळी एक चतुर्थांश भाग, तोही वरवर.

सॉकमध्ये अडकलेली लेंडी अजून पाण्यातच आहे, हे लोक विसरतात. तीन-चार दिवसांनी सॉक काढा, उलटा करून गरम पाण्याच्या धारेखाली धुवा, साबण नको. गणपतीला गावी जाणार असाल तर सॉक काढूनच ठेवा आणि स्किमरचा कप रिकामा करा. चोंदलेल्या सॉकपेक्षा नसलेला सॉक परवडला.

"लेंड्या खाणारं काही मिळतं का?" असं विचारत कुर्ल्याच्या बाजारात फिरू नका. नासारियसला उरलेलं मांसल खाद्य आवडतं, लेंड्यांत त्याला रस नाही. दगडातले ब्रिसल वर्म (केसाळ किडे) आणि बारीक अँफिपॉड (झिंग्यासारखे जीव) हे काम थोडंफार करतात, म्हणून त्यांना पकडून मारू नका. समुद्रकाकडीचं तर नावच काढू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती २००१ मध्येच घातली. शिवाय जितकी तोंडं वाढवाल तितक्या लेंड्या वाढतील.

लेंड्यांपेक्षा वाईट म्हणजे मेलेला शंख. टर्बो जातीचा शंख वाळूवर उताणा पडला की बरेचदा स्वतः उलटत नाही, त्याला सरळ करा. ट्रोकस सहसा उलटतो, म्हणून मी तोच घेते. एखादा दोन दिवस एकाच जागी दिसला तर बाहेर काढून वास घ्या. मेला असेल तर नाक लगेच सांगतं. छोट्या टँकमध्ये असा एक शंखसुद्धा अमोनिया वर नेतो.

टेस्ट किटमध्ये नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.१ च्या खाली असेल तर गप्प बसा. शून्य करायच्या नादी लागलात तर कोरल फिके पडतात.

आणि ती बादली? गोड्या पाण्याच्या टँकचं पाणी आपण कुंड्यांना घालतो, झाडं खूश होतात. हे घातलंत तर मिठाने तुळस जाईल. सरळ कमोडमध्ये ओता, पण आधी बादलीच्या तळाशी बघा. सायफनमधून एखादा छोटा सेरिथ हमखास येतो, त्याला परत टँकमध्ये टाका. खाडीत मात्र काहीच सोडू नका, ना शंख, ना शेवाळाचा तुकडा.