गाडी ऑइल खाते, मिसिंगही मारते? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंग थरथरायचं, आरपीएमचा काटा 600 ते 900 मध्ये वर-खाली व्हायचा आणि महिन्याकाठी अर्धा लिटर ऑइल टाकावं लागायचं. दीड लाख किलोमीटर झालेल्या आमच्या पेट्रोल गाडीची ही अवस्था. दोन गॅरेजवाल्यांनी सायलेन्सरमधल्या निळ्या धुराकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, "रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. त्या झिजल्या की ऑइल वर येतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरतं. ते मात्र एकानेही मोजलं नव्हतं.

निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, असं धरून चालणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. निळा धूर एवढंच सांगतो की ऑइल जळतंय. ते कुठून येतंय, हे कळायला धूर नेमका कधी येतो ते बघावं लागतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर निळा लोट आला आणि अर्ध्या मिनिटात धूर निवळला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली जाऊ न देणाऱ्या रबरावर, घ्या. सील कडक झाले की रात्रभरात ऑइल झिरपून खाली उतरतं. याची खात्री घाटात चांगली होते. कुंभार्ली घाट गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरा आणि पोफळीजवळ सपाटीला लागल्यावर अॅक्सिलरेटर दाबा. मागे बसलेल्याला काचेतून निळा भपकारा दिसला तर सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) गेले आहेत. उतारावर इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेतला, व्हॅक्यूम वाढतो आणि सैल सीलमधून ऑइल ओढलं जातं. याउलट चढावर, लोड आल्यावर धूर सतत येत असेल तर रिंगांचा विचार करा. पांढरा दाट धूर येऊन कूलंट कमी होत असेल तर ते हेड पॅकिंगचं दुखणं आहे, आणि काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

ऑइल जळणं आणि मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) हे दोन वेगळे आजार मानून वेगवेगळे खर्च करत बसणं, ही दुसरी चूक. दोन्ही एकदम सुरू झालं असेल तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली, वाफ इनटेकमध्ये परत नेणारा हा अंगठ्याएवढा भाग उघडा अडकला की जास्तीची हवा आत जाऊन आयडलिंग बिघडतं आणि सोबत ऑइलही ओढलं जातं. काढून कानाशी हलवून बघा. चांगला व्हॉल्व्ह खडखड वाजतो. आमचा चिकट काळ्या थराने गच्च झाला होता, अजिबात वाजला नाही. इंजिन चालू असताना त्याचा होज पक्कडीने हलकेच दाबून धरला तर थरथर जवळजवळ थांबली. त्या क्षणी मला उत्तर मिळालं होतं. नवा व्हॉल्व्ह काहीशे रुपयांचा होता, आणि आम्ही इंजिनच्या कामासाठी पैसे जुळवायला लागलो होतो!

प्लग न काढता निदान करू देऊ नका. ओला, तेलकट काळा प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल जातंय. कोरडी काजळी म्हणजे मिक्श्चर रिच आहे, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. प्लगच्या खड्ड्यातही टॉर्च मारा. आमच्या तिसऱ्या प्लगवरची कॅप काढली तर खाली बोटभर ऑइल साचलेलं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत होतं. हे ऑइल जळत नाही, पण स्पार्क भलतीकडे उडून मिसिंग मात्र होतं.

मिसिंग कुठल्या सिलिंडरचं हे शोधायला चालू इंजिनच्या प्लग वायर उपटू नका. शॉक बसतो, कॉइल जाऊ शकते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टरचा एकेक कनेक्टर काढून बघा. ज्याने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही.

रिंगांचा निकाल कॉम्प्रेशन टेस्टवरच लावा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एखादा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. आमचे चारही 160 ते 170 पीएसआयमध्ये आले.

सीएनजीवर चाललेल्या जुन्या गाडीत टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, विसरू नका. व्हॉल्व्ह सीट झिजून गॅप कमी होतो आणि गरम झाल्यावर गाडी थरथरते.

जाड ऑइल टाकून धूर दाबणं हा उपाय नव्हे. थंड इंजिनला जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि झीज वाढते. डिपस्टिकवरच्या मॅक्सच्या खुणेच्या वर ऑइल भरू नका, जास्तीचं ऑइल ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये जाऊन जळतं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि किलोमीटरसकट वहीत लिहा.

पीसीव्ही आणि पॅकिंग बदलल्यावर थरथर त्याच दिवशी गेली, धूर मात्र लगेच थांबला नाही. मॅनिफोल्डमध्ये साचलेलं ऑइल जळून जायला चार-पाच दिवस लागले. तेवढ्यात घाबरून पुन्हा गॅरेज गाठू नका. पुढच्या 1,000 किलोमीटरला आमच्या डिपस्टिकवरची पातळी जेमतेम दोन मिलिमीटर उतरली.