नाळेला काय लावावे? गृहभेटीतील प्रश्नापासून पुराव्यापर्यंत

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील उपकेंद्रात काम करणाऱ्या आरोग्यसेविकेने पुराव्यावर आधारित शुश्रूषेची सुरुवात शोधनिबंधापासून न करता गृहभेटीत पडलेल्या प्रश्नापासून करावी. नवजात बाळाच्या नाळेवर तेल, हळद किंवा राख लावलेली आढळली, तर ‘हे लावू नका’ या सल्ल्यामागचा आधार तिला ठाऊक असला पाहिजे, कारण घरातील आजी नेमके तेच विचारणार असते.

प्रश्न आधी नेमका करावा. कोणते बाळ, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि कोणता परिणाम, या चार गोष्टी त्यात याव्यात. उदाहरणार्थ, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नाळ काहीही न लावता कोरडी ठेवली, तर क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक औषध लावण्याच्या तुलनेत जंतुसंसर्ग वाढतो का? असे वहीत लिहिले की काय शोधायचे ते स्पष्ट होते.

शोधताना जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आणि कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पद्धतशीर आढावे, म्हणजे एका प्रश्नावरील सर्व अभ्यास एकत्र तपासून काढलेले निष्कर्ष, आधी पाहावेत. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर लेखांचे सारांश मोफत मिळतात; पूर्ण लेखासाठी म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या नर्सिंग महाविद्यालयातील शिक्षिकेची मदत मागावी.

खरे कौशल्य लागते ते सापडलेला पुरावा आपल्या गावाला लागू पडतो का, हे ठरवताना. नेपाळमध्ये, जिथे बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती, तिथल्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरहेक्सिडीनमुळे नवजात मृत्यू 24 टक्क्यांनी कमी झाले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या झांबिया आणि टांझानियातील पेंबा बेटावरील मोठ्या चाचण्यांत मात्र मृत्यूंत तशी ठोस घट आढळली नाही. उपाय एकच, पण बाळंतपणाची जागा, स्वच्छता आणि मूळ मृत्युदर वेगळे. म्हणून अभ्यास कोठे आणि कोणावर झाला, हे निष्कर्षाआधी वाचावे. आजही जागतिक आरोग्य संघटनेची मुख्य शिफारस नाळ स्वच्छ व कोरडी ठेवण्याची आहे आणि अपायकारक पदार्थ लावण्याची प्रथा जिथे रूढ आहे, तिथे पहिल्या आठवड्यात क्लोरहेक्सिडीनचा विचार करावा, असे ती सांगते.

हे घरात सांगताना आजीला दोषी धरू नये. तिची काळजी खरी असते आणि तिच्या संमतीशिवाय सल्ला टिकत नाही. नाळेच्या खाली लंगोट दुमडून दाखवावा, म्हणजे लघवीने ती ओली होत नाही. नाळेभोवतीची त्वचा लाल होऊन लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

बदल घडला की नाही, हे नोंदीतूनच कळते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातातच; पहिल्या दोन भेटींत ‘नाळेला काय लावले’ एवढा एक रकाना वहीत वाढवावा. एखाद्या पाड्यावर समजावूनही हळद-तेल सुटत नसल्याचे दिसले, तर त्या नोंदी मासिक बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात आणि तिथे क्लोरहेक्सिडीन द्यावे का, हा निर्णय त्यांच्याकडून घ्यावा. ते देण्याचे ठरले, तर हे औषध फक्त नाळेसाठी आहे, हे आईला बाटली हातात देऊन समजावावे, कारण डोळ्यांचे औषध समजून ते घातल्याने बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या घटना इतर देशांत घडल्या आहेत.